चांदीचं पाणी आणि पहिली मेंढी

रिकामा बसलेला माणूस खोड्या काढतो, आणि हुशार माणूस रिकामा बसला की त्याच खोडीला तो प्रयोग म्हणतो. अर्जुना आबांचे प्रयोग गेली दोन वर्षं माडीवरच्या खोलीत चालले होते आणि घरात त्यांना कुणी काही बोलत नसे. बोलायला घरात होतंच कोण? मुलगा आणि सून लांब दक्षिणेत सेलमला दुकान सांभाळत होती. नात प्रांजल कोरेगावला पोलीस भरतीच्या अकॅडमीत राहून रोज मैदान तुडवत होती. राहिली बायको बयाबाई. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिला एवढं पक्कं कळलं होतं की या माणसाला नको म्हटलं की तो तेच दुप्पट करतो.

विट्याच्या पूर्वेच्या कोरड्या गावांतून माणसं दोनच वाटांनी बाहेर पडली. काही मेंढरं घेऊन चाऱ्यामागं गेली आणि काही धातू आटवायची मूस घेऊन सोन्यामागं. अर्जुना आबांच्या घराने दोन्ही वाटा चालून पाहिल्या. बाप बिराप्पा जन्मभर मेंढरांमागे फिरला. अर्जुना मात्र अठराव्या वर्षी गलाईच्या धंद्यात शिरला. जुने दागिने आटवायचे, अ‍ॅसिडात घालायचे, सोनं एकीकडे आणि चांदी एकीकडे काढायची, हे काम त्यांनी सेलमला एकतीस वर्षं केलं. सोनाराच्या दुकानातली झाडलोट आणून दिली तरी तिच्यातून ते चांदी काढून दाखवत. 'चांदी कशात पण लपू दे, मी तिला बाहेर आणतो,' असं ते म्हणत, आणि ही नुसती फुशारकी नव्हती, खरंच आणत.

एकतीस वर्षांच्या धुराने छातीत खोकला मात्र बसवला. वीस वर्षांपूर्वी दुकान मुलाच्या हाती देऊन ते गावी आले, दावणीला चार मेंढ्या बांधल्या, आणि दोन वर्षांपूर्वी सेलमच्या एका जुन्या सोबत्याने फोनवर व्हिडिओ पाठवला. एक गोरा म्हातारा काचेच्या भांड्यात चांदीच्या दोन तारा सोडून बॅटरी जोडत होता आणि ते पाणी पिऊन खोकला, सर्दी, जखमा सगळं पळतं असं सांगत होता. खाली मराठी अक्षरं होती. आबांनी तो व्हिडिओ सहा वेळा पाहिला. जी चांदी आपण आयुष्यभर पाण्यातून बाहेर काढली ती हा बाबा पाण्यात घालतोय, या उलट्या गोष्टीने त्यांना झोप येईना.

दुसऱ्याच दिवशी सामान जमलं. तीन चौकोनी बॅटऱ्या, दोन चिमटे, लोणच्याची रिकामी बरणी आणि इन्व्हर्टरच्या दुकानातलं, बॅटरीत घालायचं पाणी. तारा मात्र त्यांनी विकत घेतल्या नाहीत. स्वतः चांदी आटवून, ठोकून, ओढून अशा शुद्ध तारा केल्या की व्हिडिओतल्या म्हाताऱ्याने हात जोडावेत. तारा पाण्यात सोडल्या, चिमटे लावले आणि आबा बरणीला नाक लावून बसले. बराच वेळ काही झालं नाही. मग एका तारेवरून बारीक धुरासारखी रेघ सुटली आणि पाण्यात विरली. त्यांनी जत्रेतलं लाल लेझरचं पेन आणून बरणीतून उजेड मारला तर साध्या पाण्यात न दिसणारा लाल दोरा या पाण्यात आरपार दिसला. म्हणजे चांदी आत होती. नजरेला दिसत नव्हती, पण होती. त्या दिवशी हा सत्तरीचा माणूस जेवायचं विसरला.

पण गलाईवाल्याला धीर कुठला? मोजक्या वेळात काम पुरं करायची त्याच्या हाताला सवय. चार तास लागणारं काम चिमूटभर मिठाने पाव तासात होतं, हे त्यांना लगेच सापडलं. मीठ आणि चांदीची जवळीक त्यांना ठाऊकच होती. दुकानात अ‍ॅसिडात विरघळलेली चांदी मीठ टाकूनच तर दह्यासारखी खाली पाडत असत. मीठ टाकलं की बरणीतलं पाणी पांढुरकं व्हायचं आणि आबांना वाटायचं, आता कुठं चांदी नीट उतरली. व्हिडिओतला म्हातारा मीठ टाकू नका म्हणत होता. पण त्याने कुठं एकतीस वर्षं मूस धरली होती?

रोज सकाळी अर्धी वाटी ते पाणी पोटात जाऊ लागलं. खोकला कमी झाला. तो ऋतू पालटल्यामुळे कमी झाला असेल, असं बयाबाईने एकदा सुचवलं, तर आबांनी तिला चांदीचे गुण सांगायला सुरुवात केली आणि तिने भाकरीचं पीठ मळायला घेतलं. चांदीमागोमाग बाकीची मंडळीही घरात आली. जस्ताच्या गोळ्या आल्या, मॅग्नेशियमची भुकटी आली, समुद्रातल्या बहात्तर खनिजांचे म्हणून काळे थेंब आले. मेंढ्यांच्या दावणीला खनिजाची चाटायची वीट टांगलेली होतीच. मेंढी ती चाटते आणि तिची लोकर सुधारते, मग माणसाने काय पाप केलंय, असा आबांचा सवाल होता.

"तुमाला बी एक वीट टांगते उशापाशी," बयाबाई म्हणाली. "चाटा निवांत."

आबा हसले, पण थेंब घ्यायचं सोडलं नाही.

भरतीला महिना राहिला आणि प्रांजलचा फोन आला. पोटरीत गोळे येत होते, सर्दी हटत नव्हती, आठशे मीटरला दहा सेकंद जास्त लागत होते. मागच्या भरतीत ती एका गुणाने मागे राहिली होती. ही भरती हुकली तर पुढची कधी निघेल याचा भरवसा नव्हता. आबांचा जीव या पोरीत अडकलेला. आई-बाप सेलमला, पोर वाढली यांच्या हाताखाली. फोन ठेवला आणि ते तडक माडीवर गेले.

बयाबाई मागोमाग आली. आजवर ती काही बोलली नव्हती, पण हे पोरीच्या पोटात जायचं होतं. तिने सासऱ्याची रीत आठवण करून दिली.

ही रीत घरात सगळ्यांना पाठ होती. बिराप्पा कुठलंही नवं औषध, मग ते पाल्याचं असो नाहीतर डॉक्टरने दिलेलं असो, कळपाला एकदम पाजत नसे. आधी एका मेंढीला पाजायचं, तिच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढायचा आणि या अमावास्येपासून त्या अमावास्येपर्यंत तिच्याकडे बघत राहायचं. खाते का, रवंथ करते का, कळपाबरोबर चालते का. मगच बाकीच्यांना. आणि ती मेंढी जगो, लंगडो, आंधळी होवो, तिला पुढे कधी विकायचं नाही, कापायचं तर मुळीच नाही. तिने कळपासाठी पोटात घेतलंय, असं म्हातारा म्हणे. प्रांजल लहान असताना अशी एक म्हातारी मेंढी दारात होती. तिच्या पाठीवरचा गेरू धुऊन जायचा आणि पोर तो पुन्हा ओढायची.

"एक मेंढी आदी, असं मामंजी म्हनायचं," बयाबाई म्हणाली.

"मग म्या कोन हाय?" आबा छातीवर हात ठेवून म्हणाले. "दोन वर्सं घेतोय. खातोय, चालतोय, खोकला गेला. हातच्या काकनाला आरसा कशाला? पयली मेंढी तुज्यापुढं हुबी हाय."

बयाबाई वाटेतून बाजूला झाली. रीत तर पाळली गेली होती.

तपकिरी बाटली भरली. चांदीचं पाणी उजेडात काळं पडतं हे आबांना माहीत होतं, म्हणून त्यांनी बाटलीवर वर्तमानपत्र गुंडाळून दोराही बांधला. सोबत काळे थेंब आणि शेंगदाण्याचे लाडू घेऊन ते रविवारी कोरेगावला गेले. प्रांजल उन्हाने रापली होती, पायांना पट्ट्या बांधल्या होत्या. आबांनी रोज दोन चमचे, उपाशी पोटी, भरतीपर्यंत, असं तीनदा सांगितलं. तिने बाटली घेतली, आबांच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि "बरं आबा" म्हणाली. तिला आपलं कौतुक वाटलं असावं, असं आबांना वाटलं.

निघताना अकॅडमीचे शंभूराज सर भेटले. फौजेत वीस वर्षं दवाखान्याच्या कामावर काढलेला माणूस. त्यांनी हात मिळवला आणि सोडलाच नाही. आबांची बोटं उजेडाकडे वळवून ते नखं बघत राहिले. नखांच्या मुळाशी निळसर करडी झाक होती.

"आबा, दम लागतो का? छातीत दुखतं?"

आबांनी नाही म्हटलं. सरांनी आतून बोटाला लावायचं यंत्र आणलं, लावलं, काढलं, दुसऱ्या बोटाला लावलं. आकडा अठ्ठ्याण्णव. नखं निळी पडतात ती रक्तात हवा कमी पडली की, आणि इथे हवा तर पुरेपूर होती. हे कोडं त्यांना सुटेना. उद्याच विट्याला डॉक्टरला दाखवा, असं त्यांनी बजावलं.

आबा घाबरले नाहीत. उलट घरी येईपर्यंत बसमध्ये ते आपली दहा बोटं पालटून पालटून बघत होते. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्यांना नवी वाटत होती. सोमवारी विट्याच्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो आणि हृदयाची पट्टी काढली. दोन्ही चांगलं निघालं. काही औषध चालू आहे का, असं बाईंनी विचारलं. नाही, असं आबांनी प्रामाणिकपणे सांगितलं. चांदीच्या पाण्याला ते औषध समजतच नव्हते. ते त्यांच्या लेखी स्वतःच्या हाताने केलेलं पाणी होतं.

कोडं तसंच राहिलं, आणि न सुटलेलं कोडं आबांना खोकल्याहून वाईट. मंगळवारी अंघोळीला बसले तेव्हा त्यांनी बयाबाईला पाठ बघायला लावली. तिने पाठ बघितली, मान बघितली, पुन्हा पाठ बघितली. बनियनच्या आतलं अंग होतं तसंच गव्हाळ होतं. मान, कपाळ आणि हात मात्र राखुंडीसारखे.

"तुमचं आंग दोन मानसांचं दिसतंय," ती हळू म्हणाली. "रोज बगते म्हून ध्येनात आलं न्हाई का काय की. मला वाटलं उनानं रापलाय."

आबाही म्हणाले ऊनच असेल. पण उन्हाने माणूस तांबूस काळा होतो, हे धनगराच्या पोराला कुणी सांगायला नको. करडा होत नाही.

बुधवारी दुपारी उत्तर आपणहून समोर आलं. बरणीच्या तळाला साचणारा पांढरा गाळ आबा एका बशीत काढून ठेवत. चांदीचा कण वाया घालवायचा नाही ही जुनी सवय. ती बशी गच्चीच्या कठड्यावर होती आणि कावळ्यांनी तोंड घालू नये म्हणून बयाबाईने तिच्यावर वाटी पालथी घातली होती. वाटी लहान होती, बशीची कड उघडी राहिली होती. आबांनी वाटी उचलली. मधला गाळ दह्यासारखा पांढरा होता. कडेचा, ज्यावर ऊन पडलं होतं, तो जांभळट करडा.

सेलमला दुकानात पहिल्याच वर्षी वस्तादाने हे सांगितलं होतं. मिठाने पाडलेली चांदी उन्हात ठेवू नको, रंग फिरतो. एकतीस वर्षं त्यांनी ती पोत्याखाली झाकून वाळवली होती. नव्या पोरांना तेच शिकवलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्यांनी सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सारली आणि हात बशीशेजारी धरला. बाहीखालचं गव्हाळ, उघडं राहिलेलं करडं. बशीत एक आणि हातावर एक, दोन्ही एकाच हाताचं काम. ते खाली गेले, आरशापुढे उभे राहिले आणि ओठ वर करून हिरड्या बघितल्या. तिथेही तीच निळसर रेघ होती. दोन वर्षं रोज दाढी करताना हा आरसा समोर होता, पण त्यांनी त्यात गालावरचा फेस सोडून काही बघितलं नव्हतं.

मग एकदम आठवलं. बाटली पोरीकडे होती. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार.

त्यांनी फोन लावला. अकॅडमीत मुलींचे फोन आठवडाभर कपाटात बंद असतात. सरांना लावला, तर ते मैदानावर असावेत, उचलला नाही. आबांनी टोपी घातली आणि निघाले. बयाबाईने काय झालं विचारलं, तेव्हा ते उंबऱ्यात थांबले.

"त्या पान्यानं मला रंगवलंय," ते म्हणाले. "आन त्येच म्या पोरीला दिलंय."

ती मट्‌कन खाली बसली नाही की रडली नाही. तिने त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली ठेवली, साध्या पाण्याची, आणि लौकर जावा म्हणाली.

विट्याला कोरेगावच्या गाडीला पाऊण तास होता. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना स्टँडसमोरच. आबांनी आत जाऊन सगळं खरं सांगितलं, मिठासकट. बाईंनी खुर्ची पुढे ओढून शांतपणे ऐकलं. चांदी कातडीत जाऊन बसते आणि उजेडाने काळवंडते, याला नाव आहे, त्यांनी असे दोन रुग्ण शिकताना पाहिले होते. ताबडतोब बंद करा, ते बाकीचे थेंब आणि गोळ्याही इथे आणून दाखवा. जिवाला सध्या धोका दिसत नाही. आणि या पाण्याने खोकला जातो याला काही आधार नाही, हेही त्यांनी सांगितलं. चार दिवस दोन-दोन चमचे घेतल्याने पोरीचा रंग बदलणार नाही, तेवढ्यावर थांबवा म्हणाल्या.

"ह्ये उतरंल कवा?" आबांनी विचारलं.

"आबा, हे उतरत नाही. आत बसलेली चांदी बाहेर काढता येत नाही."

आबा उठले आणि स्टँडकडे निघाले. गाडीत खिडकीशी बसून त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि बघत राहिले. अ‍ॅसिडातून, राखेतून, झाडलोटीतून, फुटक्या मुशीच्या तुकड्यातून त्यांनी चांदी काढली होती. ही एवढीच जागा निघाली की जिथून ती काढता येणार नव्हती. त्यांना हसूही आलं आणि डोळेही भरले, आणि पलीकडे बसलेल्या बाईने आपलं बाळ जरा आत घेतलं. तिला या करड्या म्हाताऱ्याची भीती वाटली असावी. आजवर किती जणांनी असं केलं असेल आणि आपण बघितलंही नसेल, असं त्यांच्या मनात आलं.

कोरेगावला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. मुली शेवटचा फेरा मारत होत्या. प्रांजलने आबांना कडेला उभं पाहिलं आणि फेरा पुरा करूनच आली, कमरेवर हात ठेवून धापा टाकत.

"बाटली कुठं हाय?" आबांनी विचारलं. "किती घेतलंस? खरं सांग, म्या रागवनार न्हाई."

ती आत गेली आणि बाटली घेऊन आली. वर्तमानपत्रही सुटलेलं नव्हतं. दोरा आबांनी बांधला होता तसाच होता. आबांनी बाटली हातात घेतली, वजन बघितलं, आणि मैदानाच्या कडेच्या दगडावर बसून घेतलं. पोर वाचली होती, आणि तिने आपलं ऐकलं नव्हतं, या दोन गोष्टींतली कुठली आधी मनात घ्यावी ते त्यांना कळेना.

"का घेतलं न्हाईस?"

प्रांजल त्यांच्याशेजारी बसली. मग तिने सांगितलं की तिला दिवाळीतच शंका आली होती. ती तीन-तीन महिन्यांनी घरी येते, तिला फरक दिसतो. तिच्या फोनमध्ये तीन दिवाळ्यांचे फोटो आहेत, एकाशेजारी एक ठेवले की आबा दर दिवाळीला करडे होत गेलेले दिसतात. पाण्यानेच, हे मात्र तिला पक्कं ठाऊक नव्हतं. रविवारी बाटली हातात आली तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने सरांना ती रात्रीच दाखवली, आणि सर म्हणाले होते की या रविवारी आपण दोघं तुझ्या गावी जाऊ, असलं फोनवर सांगायचं नसतं.

"मग दिवाळीतच का बोलली न्हाईस?"

"तुमी किती हौसेनं दाखवत हुता आबा. त्यो लाल दोरा पान्यातला." ती पायाची पट्टी सोडू लागली. "चुकलं माजं. तवाच बोलाय पायजे हुतं."

आबांनी मान हलवली. चूक तिची नव्हती. मेंढीकडे बघायचं काम मेंढीने स्वतः करायचं नसतं, ते बघणाऱ्याचं काम असतं, आणि त्यांनी दोन्ही कामं स्वतःकडे घेतली होती. खाते का, चालते का, एवढंच त्यांनी बघितलं. त्यांनी बाटलीचं बूच उघडलं आणि पाणी मातीत ओतलं. मग पिशवीतली साध्या पाण्याची बाटली काढून तिला दिली. ती गटागटा प्यायली.

"डाक्तरीन म्हनली, ह्यो रंग आता जनमभर ऱ्हानार," आबा म्हणाले. "तुज्या भरतीच्या दिवशी म्या लांबच हुबा ऱ्हातो. लोक इचारतील, ह्यो निळा म्हातारा कुनाचा."

प्रांजलने त्यांचा हात आपल्या हातात घेतला. मैदानाची तांबडी माती तिच्या बोटांना लागलेली होती. तिने एक बोट आबांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओढलं, सरळ, लहानपणी त्या म्हाताऱ्या मेंढीच्या पाठीवर ओढायची तसं.

"आपल्या घरात पयल्या मेंढीला लांब ठेवत न्हाईत आबा," ती म्हणाली. "तुमी पुढं हुबं ऱ्हायचं. रेघेपाशी. मला पळताना दिसलं पायजे."

आबांनी तो पट्टा पुसला नाही. परतीच्या गाडीत बाही वर सारूनच बसले होते.